मोबाइल-संगणक हस्तांतरण सॉफ्टवेअर

मोबाइल संचातील छायाचित्रे, चित्रफिती, संपर्कयादी, संदेश व इतर फायली संगणकावर उतरवून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा वर्ग. या नावाखाली तीन निराळी कामे येतात : निवडक फायलींची नक्कल करणे, दोन्हीकडच्या नोंदी जुळत्या ठेवणे म्हणजे सिंक, आणि सबंध संचाची राखीव प्रत घेणे म्हणजे बॅकअप. एकच उत्पादन ही तिन्ही कामे करताना दिसते. मात्र त्यांमागील तंत्रे वेगळी आहेत. केबलचा वेग हा त्यांतला दुय्यम भाग होय. साठवणुकीवर ताबा कोणाचा, संगणकाचा की मोबाइलचा, यावरच असे सॉफ्टवेअर काय करू शकेल हे प्रामुख्याने ठरते.

उगम : या वर्गाचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. पाम कंपनीच्या ‘हॉटसिंक’ या जुळणी-सॉफ्टवेअरला पहिलेपणाचा मान देण्याची प्रथा आहे. १९९६ मध्ये आलेल्या पायलट या हातसंगणकाची बैठक (तो ठेवण्याची खोबण) सिरियल पोर्टद्वारे संगणकाला जोडलेली असे आणि तिच्यावरील एक बटण दाबताच पत्ते, भेटी व टिपणे दोन्हीकडे जुळवली जात. परंतु त्याआधीच सायन कंपनीच्या ऑर्गनायझर २ (१९८६) या यंत्रासाठी ‘कॉम्स लिंक’ ही जोडणी मिळत असे. ह्यूलेट-पॅकार्डच्या ९५एलएक्सला (१९९१) आणि ॲपलच्या न्यूटनलाही (१९९३) संगणकाशी बोलणारी सॉफ्टवेअरे होती. ‘संगणकाला जोडणारे पहिले’ हे हॉटसिंकचे वर्णन त्यामुळे टिकत नाही.

हॉटसिंकचे महत्त्व दुसऱ्या गोष्टीत आहे. त्यात प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक आणि ‘बदलली’ अशी खूण असे. मागील वेळचाच संगणक समोर असेल तर फक्त खूण असलेल्या नोंदी हलवल्या जात. संगणक निराळा निघाला तर साऱ्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या जात. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळल्यास निवाडा न करता दोन्ही प्रती ठेवल्या जात. संपर्कयादीत एकाच माणसाचे नाव दोनदा दिसण्याची तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती अजून पुरती मिटलेली नाही. 

दूरध्वनी संच तेवढेच मोबाइल मानणारे अभ्यासक हा सर्व इतिहास पूर्वपीठिका समजतात व नोकिया पीसी सूटसारख्या उत्पादकांच्या सॉफ्टवेअर-संचांपासून सुरुवात करतात. नोंदवार जुळणीचे तंत्र हातसंगणकांवरच घडले असल्याने हातसंगणकांपासून आरंभ धरणारी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. उत्पादकागणिक वेगळे सॉफ्टवेअर ही अडचण दूर करण्यासाठी २००० मध्ये सिंकएमएल हा सामायिक नियमसंच पुढे आला. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ओपन मोबाइल अलायन्सकडे तो सोपवला गेला. पुढे संपर्क व दिनदर्शिका थेट इंटरनेटवरून जुळवल्या जाऊ लागल्या आणि त्याची गरज ओसरली.

एमटीपी : अँड्रॉइड संच संगणकाला जोडल्यावर जे फोल्डर दिसतात ते मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल या नियमसंचामुळे. त्याचे मूळ डिजिटल कॅमेऱ्यांच्या पीटीपीमध्ये (पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल) असून हा पीटीपी २००० च्या सुमारास प्रमाणित झाला. मायक्रोसॉफ्टने त्याचा विस्तार संगीतवादक यंत्रांसाठी केला व विंडोज मीडिया प्लेयर १० बरोबर, म्हणजे २००४ च्या आसपास, एमटीपी वापरात आला. यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने त्याला २००८ मध्ये मान्यता दिली.

आधीच्या ‘मास स्टोरेज’ पद्धतीत मेमरी कार्ड पूर्णतः संगणकाच्या हवाली होई. संगणक त्यावरील ठोकळे (साठवणुकीचे ठरावीक आकाराचे तुकडे) स्वतः वाची-लिही आणि तेवढा वेळ मोबाइलला ते कार्ड वापरता येत नसे. दोघांनी एकाच वेळी लिहिले असते तर फाइल-व्यवस्था बिघडली असती. अँड्रॉइड ३.० पासून (२०११) ॲप व माध्यम-फायली एकाच साठवणुकीत ठेवण्याकडे कल झाला. ती साठवणूक संगणकाला देऊन टाकणे शक्य नव्हते, म्हणून एमटीपी स्वीकारला गेला. 

एमटीपीत संगणक फाइल मागतो आणि मोबाइल ती काढून देतो. प्रत्येक फाइल ही एक ‘वस्तू’ असून तिला ३२ बिटांचा क्रमांक असतो. आतील फाइल-व्यवस्था कोणती हे संगणकाला कळत नाही व कळण्याची गरजही नसते. आज्ञा, माहिती व उत्तर असा एक फेरा संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. हजारो छायाचित्रांचे फोल्डर उघडताना होणारा खोळंबा यातून येतो, कारण प्रत्येक वस्तूची माहिती अनेकदा स्वतंत्रपणे विचारली जाते. आकाराचा मूळ रकानाही ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४ जीबीपुढील फायलींसाठी वेगळी सोय करावी लागते. गूगलच्या मॅकसाठीच्या ‘अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर’मध्ये ही मर्यादा शेवटपर्यंत राहिली. अँड्रॉइडची यादी माध्यमांच्या नोंदसंचावरून तयार होत असे, त्यामुळे नुकतीच तयार झालेली फाइल मोबाइलवर उघडते पण संगणकावर दिसत नाही, असेही घडे. संच बंद करून चालू केला की ती उगवे. 

युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर मीडिया प्लेयर वगळून विकल्या जाणाऱ्या विंडोजच्या ‘एन’ आवृत्त्यांत एमटीपीचा आधारही नसतो. तेथे मोबाइल चार्ज होतो, साठवणूक मात्र दिसत नाही. माध्यमांचा पूरक सॉफ्टवेअर-संच बसवल्यावर ती दिसू लागते. केबलला दोष देण्याआधी हे तपासलेले बरे.

ॲपलची पद्धत : आयफोन एमटीपी वापरत नाही. संगणकाला तो पीटीपीद्वारे फक्त छायाचित्रे व चित्रफिती दाखवतो. बाकीचे व्यवहार ॲपलच्या स्वतःच्या, जाहीर न केलेल्या नियमांनी चालतात. ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ या मुक्त प्रकल्पाने ते उलट अभ्यासून उकलले. अधिकृत मार्ग आयट्यून्सचा होता. २०११ च्या आयओएस ५ पासून संच सुरू करण्यासाठी संगणक लागेनासा झाला आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनात आयट्यून्सचे हे काम फाइंडरकडे, म्हणजे मॅकवर फायली दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे गेले. 

आयट्यून्स वा फाइंडरने घेतलेल्या बॅकअपचे फोल्डर उघडल्यास आत ओळखीचे एकही नाव सापडत नाही. प्रत्येक फाइलला ४० अक्षर-अंकांचे नाव असते. ते तिच्या मूळ स्थानावरून गणिताने काढलेले असते आणि कोणते नाव कोणत्या फाइलचे याची नोंद एका एसक्यूलाइट नोंदसंचात असते. बॅकअपमधून संदेश किंवा टिपणे काढून देणारी सॉफ्टवेअरे मुख्यतः हाच नोंदसंच वाचतात. बॅकअपला पासवर्ड लावला तरच साठवलेले पासवर्ड व आरोग्यविषयक नोंदी त्यात येतात. म्हणजे कुलूप लावलेली प्रत अधिक पूर्ण असते.

२०१७ च्या आयओएस ११ पासून छायाचित्रे एचईआयसी स्वरूपात साठवली जाऊ लागली. ती संगणकावर घेताना ‘ऑटोमॅटिक’ हा पर्याय निवडलेला असल्यास मोबाइल त्यांचे जेपीईजीत रूपांतर करत जातो आणि या ओझ्याने नक्कल कधीकधी मधेच तुटते. मूळ स्वरूप राखण्याचा पर्याय निवडल्यास बहुधा काम निभते.

परवानगी : यूएसबी जोडणीतून माहिती चोरता येते हे लक्षात आल्यावर संमतीचे टप्पे वाढत गेले. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ हा प्रश्न आला. अँड्रॉइडने त्याच वर्षी विकासकांच्या एडीबी जोडणीसाठी (संगणकावरून मोबाइलला आज्ञा देण्याची सोय) संगणकाच्या किल्लीला संमती मागायला सुरुवात केली. अँड्रॉइड ६.० पासून (२०१५) जोडलेला संच आपणहून केवळ चार्ज होतो, आणि अँड्रॉइड ११ पासून (२०२०) ॲपांचे खासगी फोल्डरही बरेचसे झाकले गेले. पडदा फुटलेल्या संचातून माहिती काढणे यामुळे अवघड होऊन बसले आहे, कारण संमतीचे बटण त्याच पडद्यावर असते.

बिनतारी मार्ग : इन्फ्रारेड व ब्लूटूथवरून फायली पाठवण्यासाठी ओबेक्स हा नियमसंच वापरला गेला. अलीकडे एअरड्रॉप, क्विक शेअर, केडीई कनेक्ट अशी साधने वाय-फायचा उपयोग करतात.

न्यायवैद्यक उपयोग : सेलेब्राइट ही १९९९ मध्ये स्थापन झालेली कंपनी प्रथम जुन्या संचातील संपर्कयादी नव्यात हलवणारी यंत्रे विक्रेत्यांना पुरवत असे, २००७ पासून तिची साधने तपास यंत्रणांकडे जाऊ लागली. या क्षेत्रात संचाकडून मागून घेतलेली प्रत ‘तार्किक’ आणि स्मृतीतील ठोकळे जसेच्या तसे उचलून घेतलेली प्रत ‘भौतिक’ म्हणून ओळखली जाते. पुसलेल्या फायली मिळण्याची आशा भौतिक प्रतीत अधिक असे. फाइलवार कूटबद्धता (एन्क्रिप्शन) रूढ झाल्यावर मात्र चिप काढून थेट वाचली तरी संचाच्या किल्लीविना हाती निरर्थक ठोकळे येतात.