शब्दांचं अर्धायुष्य

थेम्स नदीतून एक जहाज समुद्रापलीकडच्या, आजच्या नेदरलँड्समधल्या झीलंडला निघालं होतं. वारा पडला, जहाज अडकलं आणि व्यापारी केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यातल्या शेफील्ड नावाच्या एकानं एका घरी जाऊन खायला मागितलं, त्यातही त्याला 'एग्ज' हवी होती. घरच्या बाईनं सांगितलं, "मला फ्रेंच येत नाही." शेफील्ड भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की याला 'आयरेन' हवीत, तेव्हा कुठे बाईला उलगडा झाला.

दोघंही इंग्रजीच बोलत होती आणि विषय अंड्यांचाच होता. इंग्लंडमध्ये छपाई सुरू करणाऱ्या विल्यम कॅक्स्टननं १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा किस्सा लिहून ठेवला आहे. त्याची अडचण खरी होती. तो विचारतो, आजच्या काळात माणसानं लिहायचं काय, 'एग्ज' की 'आयरेन'? 'आयरेन' हा इंग्रजीचा घरचा, जुना शब्द. 'एग' आला नॉर्स भाषेतून, म्हणजे नवव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिलेल्या व्हायकिंगांबरोबर. कॅक्स्टनच्या काळापर्यंत दोन्ही शब्द नांदत होते. पुढे पाहुणा टिकला आणि घरचा गेला.

नवी वस्तू आपलं नाव बरोबर घेऊन येते, त्यात नवल नाही. इंग्लंडमध्ये मुंगूस नव्हतं, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीतला 'मुंगूस' इंग्रजीत 'माँगूस' होऊन बसला. खरी चुरस असते ती एकाच अर्थाचे दोन शब्द समोरासमोर येतात तेव्हा. सोळाव्या शतकात इंग्रज पंडितांनी लॅटिनमधून शब्दांची अक्षरशः आयात केली. विरोधकांनी त्यांना 'इंकहॉर्न' शब्द म्हटलं, म्हणजे दौतीतून निघालेले, तोंडात न रुळलेले. थॉमस विल्सननं १५५३ मध्ये अशा भाषेचा नमुना म्हणून एक पत्र छापलं, वाचणाऱ्यानं हसावं म्हणून. आज ते वाचताना गंमत वेगळीच वाटते. त्यातला 'प्रचंड' या अर्थाचा 'इन्जेन्ट' कुणाला माहीत नाही, पण 'सेलिब्रेट', 'एक्स्टॉल' आणि 'डेक्स्टेरिटी' हे शब्द आज शाळकरी मुलंही शिकतात. त्याच सुमारास आलेल्या उलट अर्थांच्या जोडीतला 'इम्पीड' (अडवणं) राहिला आणि 'एक्स्पीड' (पुढे सरकवणं) गेला. यातला कुठला जगेल हे तेव्हा कुणालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

एकेका शब्दाचं भविष्य सांगता येत नसलं, तरी शब्दांच्या झुंडीचं गणित मांडता येतं. ते २००७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी मांडून दाखवलं. मला हे भाषेच्या अभ्यासातलं फार सुंदर काम वाटतं.

पहिल्या गटानं अनियमित क्रियापदं घेतली. मराठीत 'जा'चं 'गेला' आणि 'कर'चं 'केलं' होतं, तशी ही वाकडी रूपं. जुन्या इंग्रजीतली अशी १७७ क्रियापदं त्यांनी निवडली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित उरली होती, आज ९८ उरली आहेत. बाकीच्यांना सरळसोट 'एड' लागला. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होतं, आता 'हेल्प्ड' आहे. कोण आधी सरळ होतं, याचा नियम त्यांना वापराच्या प्रमाणात सापडला. एखादं क्रियापद दुसऱ्याच्या शंभरपट कमी वापरात असेल, तर ते दहापट वेगानं नियमित होतं. किरणोत्सारी मूलद्रव्यांसारखं, सारख्याच वापरातल्या क्रियापदांच्या प्रत्येक संचाचं अर्धायुष्य काढता येतं, म्हणजे संचातली निम्मी क्रियापदं सरळ व्हायला लागणारा काळ. सर्वांत दुर्मीळ क्रियापदांसाठी तो ३०० वर्षांच्या आसपास भरतो, तर 'बी' आणि 'हॅव' यांच्यासाठी जवळजवळ ३९,००० वर्षं.

दुसऱ्या गटानं २०० मूलभूत अर्थ आणि ८७ इंडो-युरोपीय भाषा, म्हणजे मराठी आणि इंग्रजी ज्या कुळातल्या आहेत त्या कुळातल्या भाषा, तपासल्या. निष्कर्ष तोच: रोज जिभेवर असलेला शब्द बदलायला फार काळ लागतो. शेपटीला इंग्रजीत 'टेल', जर्मनमध्ये 'श्वान्झ', फ्रेंचमध्ये 'क्यू', मराठीत 'शेपूट', आणि या चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण 'टू', 'त्स्वाय', 'दो' आणि आपलं 'दोन' ही सगळी एकाच मुळाची लेकरं आहेत.

मग इंग्रजीतला 'दे' हा शब्द कोड्यात टाकतो. 'ते' या अर्थाचं सर्वनाम दिवसातून किती वेळा तोंडी येतं! नियमानं ते हलायलाच नको होतं. तरीही 'दे', 'देअर', 'देम' ही तिन्ही रूपं नॉर्समधून आली आहेत. याचं एक कारण असं मानतात की जुन्या इंग्रजीत 'तो', 'ती' आणि 'ते' यांची रूपं झिजत झिजत इतकी सारखी ऐकू येऊ लागली की बोलणं कोणाविषयी चाललंय हेच कळेना. शेजारी नॉर्स बोलणारे होते, त्यांचा शब्द स्पष्ट होता, तो उचलला गेला. 'देम'च्या जागी असलेलं जुनं 'हेम' मात्र पुरतं गेलं नाही. इंग्रज बोलताना 'देम'च्या जागी जे तुटक 'एम' म्हणतात, ते हेच.

अशीच टक्कर दोन क्रियापदांची झाली. 'लॅटन' म्हणजे होऊ देणं आणि 'लेटन' म्हणजे अडवणं. काळाच्या ओघात दोघांचाही उच्चार आणि लेखन 'लेट' झालं. एकाच शब्दाचे नेमके उलटे अर्थ चालणार कसे? अडवण्याचा अर्थ हळूहळू मागे पडला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे योग्य चौकटीत पडला की पंच 'लेट' पुकारतो, तो त्याच जुन्या अर्थानं: अडथळा आला, पुन्हा खेळा. शब्दकोश असे अर्थ काढून टाकत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मृत शब्दासमोर कट्यारीसारखी खूण करतात आणि नोंद तशीच ठेवतात. कायद्याची आणि सरकारी भाषा तर त्याहून चिवट. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावानं जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरात धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं असं म्हटलं आहे. त्यातला 'लेट' म्हणजे मोकळीक समजलं तर वाक्याचा अर्थच लागत नाही. हिंदी मजकुरात त्या जागी 'बिना रोक-टोक' आहे.