आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम

साथीच्या रोगाची खबर वेळेत जगाला मिळावी आणि तो सीमेपलीकडे पसरू नये, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या चौकटीत केलेले बंधनकारक नियम. सध्याचा मसुदा २००५ मध्ये मंजूर झाला आणि १५ जून २००७ पासून लागू आहे. त्यात १९६ पक्षराष्ट्रे सामील झाली.

या नियमांच्या पूर्वेतिहासात मुंबईचेही नाव आहे. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग उद्भवला आणि पुढच्याच वर्षी युरोपीय राष्ट्रांनी खास प्लेगसाठी व्हेनिसला परिषद भरवली. रोग अडवायचा, पण व्यापार शक्यतो अडवायचा नाही, हा तेव्हाचा पेच आजही सुटलेला नाही. १९६९ च्या नियमांत मोजक्या रोगांची यादी होती. १९८१ पासून पटकी, प्लेग व पीतज्वर हे तीनच उरले. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्स या नव्या श्वसनरोगाचे रुग्ण आढळले, पण नवा रोग यादीत असणार कसा? संघटनेला अधिकृत माहिती मिळायला फेब्रुवारी २००३ उजाडला. म्हणून २००५ मध्ये यादीऐवजी निकष आले.

असामान्य घटना कळली की देशाने ४८ तासांत चार प्रश्नांवर तिची पारख करायची: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, ती देशाबाहेर पसरेल का, तिच्यामुळे प्रवास वा व्यापारावर निर्बंध येतील का. दोन उत्तरे ‘हो’ आली, तर पुढच्या २४ तासांत संघटनेला कळवायचे. देवी, रानटी विषाणूचा पोलिओ, सार्स आणि माणसातील नव्या उपप्रकाराचा इन्फ्लुएन्झा मात्र पारख न करता कळवावे लागतात. त्यासाठी प्रत्येक देशात चोवीस तास उपलब्ध असे संपर्क केंद्र असते. भारतात ते दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार संघटनेच्या महासंचालकांचा, तज्ज्ञ समिती फक्त सल्ला देते. येथेही उशीर होतो. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची साथ मार्च २०१४ मध्ये निश्चित झाली होती, आणीबाणी ८ ऑगस्टला जाहीर झाली.

खरे दुखणे खबर देणाऱ्याला बसणाऱ्या फटक्याचे आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर होताच अनेक देशांनी भारताशी विमानसेवा थांबवली, काहींनी मालही अडवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने करोनाचा ओमिक्रॉन हा प्रकार तत्परतेने कळवला आणि काही दिवसांतच तिच्यावर प्रवासबंदी आली. हे पाहिलेला दुसरा देश पुढच्या वेळी ‘आधी खात्री करू’ म्हणत दिवस घालवेल, आणि साथीत सर्वांत महाग पडतात ते हेच दिवस. प्रवासी वा माल २४ तासांहून अधिक अडवणाऱ्या देशाने ४८ तासांत त्याची शास्त्रीय कारणे कळवावीत, असे कलम ४३ सांगते. न कळवल्यास शिक्षा नाही. पाठवलेली कारणे तपासून संघटना फार तर फेरविचाराची विनंती करू शकते.

१ जून २०२४ च्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या. अमेरिकेने त्या नाकारल्या. त्यांत ‘महासाथ आणीबाणी’ ही वरची पायरी, प्रत्येक देशात अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय प्राधिकरण आणि गरीब देशांच्या तयारीसाठी निधी जुळवणारी यंत्रणा आली. ही सुधारणा मोलाची आहे, कारण प्रयोगशाळाच नसेल तर कळवणार काय? पण वेळेवर कळवल्यामुळे बुडालेला व्यापार व पर्यटन भरून देण्याची तरतूद त्यांत नाही, आणि कलम ४३ ला दंडही जोडलेला नाही.