कागद उजेडासमोर धरला की

जुन्या चित्राचे वय काढायचे म्हटले की बहुतेकांना पहिल्यांदा कार्बन-१४, म्हणजे वस्तूतील किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढण्याची पद्धत, आठवते. अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गरेखाटनासाठी मात्र ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण असे वरखाली होत राहिले की एकाच मोजमापाला अनेक साले जुळतात. शिवाय तेव्हाचा कागद लिननच्या चिंध्यांपासून होत असल्यामुळे मोजले जाते ते धाग्याचे वय, रेखाटनाचे नव्हे. म्हणून जाणकार मूल्यमापक आधी कागद उजेडासमोर धरतो.

तेथे काय दिसते हे कळण्यासाठी कागद कसा बनत असे ते पाहावे लागते. लाकडी चौकटीवर पितळेच्या बारीक तारा समांतर आणि अगदी जवळजवळ बसवलेल्या असत, आणि साधारण अडीच सेंटिमीटरच्या अंतराने आडव्या जाणाऱ्या तारांनी त्या खालच्या लाकडी पट्ट्यांना बांधलेल्या असत. हा साचा लगद्यात बुडवून उचलला की पाणी निथळे आणि तारांवर लगद्याचा थर उरे. तारेच्या वर थर पातळ बसतो, तेथून उजेड अधिक येतो, आणि साच्याची सारी वीण कागदात दिसते. मला यात सर्वांत देखणी वाटते ती बांधणीच्या तारांलगतची अंधूक सावली. लाकडी पट्टी पाणी ओढून घेई, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंना लगदा किंचित जाड साचे. शतक सरता सरता साच्यात तारांचा दुसरा थर आला, लगदा पट्टीपासून दूर राहू लागला आणि सावली नाहीशी झाली. तेव्हा १७६० चे म्हणून दाखवलेल्या रेखाटनाच्या कागदात तारांच्या रेघा आहेत पण सावली नाही, असे दिसले तर शंका घ्यायलाच हवी. रेघाच नसलेला, विणलेल्या जाळीवरचा कागद इंग्लंडमध्ये १७५७ च्या सुमारास आला. फ्रान्समध्ये तो १७७० च्या दशकाच्या अखेरीआधी बनत नव्हता.

साच्यावर शिवलेल्या तारेच्या आकृतीचा ठसा म्हणजे जलचिन्ह. लगद्याच्या एका कुंडावर दोन साचे आलटून पालटून चालत, त्यामुळे प्रत्येक जलचिन्हाला थोडे वेगळे जुळे भावंड असते. वापराने आकृती वाकते, एखादा टाका निसटतो. तारीख घातलेल्या एखाद्या पत्राच्या कागदात तेच चिन्ह त्याच वाकडेपणासह सापडले, तर कागदाचे वय काही वर्षांच्या टप्प्यात येते. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नये. फ्रान्समध्ये १७४२ पासून कागदात साल घालण्याची सक्ती झाली, आणि अनेक कारखानदारांनी पुढे कित्येक वर्षे तोच १७४२ चा आकडा साच्यावर ठेवला.

रेषांच्या गर्दीत जलचिन्ह हरवत असेल, तर कार्बन-१४ मिसळलेला ॲक्रिलिकचा पत्रा कागदाखाली आणि क्ष-किरणांची फिल्म वर ठेवून काही तास वाट पाहतात. कार्बन-१४ मधून निघून फिल्मवर उमटणारे बीटा कण अडतात ते कागदाच्या वस्तुमानामुळे, आणि खडूचा पातळ थर त्यात फारसा जाणवत नाही. वय सांगताना निकामी ठरलेला कार्बन-१४ असा दुसऱ्या वाटेने कामाला येतो. मोबाइलवर छायाचित्र टाकताच चित्रकार आणि किंमत सांगण्याचे दावे ऐकू येतात, त्यांच्या हाती यातले काहीच लागत नाही, कारण समोरून काढलेल्या छायाचित्रात कागदाच्या आरपार आलेला उजेडच नसतो.

तरीही कागद सांगतो ते एवढेच, की हे रेखाटन अमुक सालाच्या आधीचे असू शकत नाही. एरिक हेबॉर्न या इंग्रज नकलाकाराने जुन्या पुस्तकांतील कोरे कागद वापरून जाणकारांना चकवले होते. म्हणून पुढची तपासणी रेषेची.

फ्रेंच चित्रकार ह्युबेर रोबेर १७५४ ते १७६५ रोममध्ये होता. भग्नावशेष आणि बागा तो तांबड्या खडूने, म्हणजे मातीमिश्रित हेमटाइटने काढी. असे रेखाटन ओल्या कागदावर दाबले की त्याची उलटी प्रत निघते, आणि रोबेरच्या अशा पुष्कळ प्रती आहेत. भिंगातून पाहिले तर अशा प्रतीत खडूचे कण चेपलेले आणि रंग फिका दिसतो. शिवाय उजव्या हाताने मारलेल्या छायारेषा सहसा वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे उतरतात, त्या प्रतीत उलट्या झुकतात. कागद अस्सल, खडू अस्सल, काळही तोच, आणि तरी बाजारात तिला मूळ रेखाटनापेक्षा कमी किंमत येते. त्यामुळे रोबेरसारख्या उजव्या हाताच्या चित्रकाराच्या नावावरचे झाड डावखुऱ्या रेषांनी छायांकित केलेले दिसले, तर किंमत सांगण्याआधी ती प्रत नाही ना, हे पाहावे.