दुसरी खेप

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला घाई नसते. बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या बाईत हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो, पण तीही सवडच. तरीसुद्धा २०२२ मध्ये जगभरात सुमारे साडेतीन लाख बायका या आजाराने गेल्या आणि त्यांतल्या दर शंभरातल्या ९४ गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. एवढी सवड मिळूनही हे होतं, तेव्हा 'बायकांना माहितीच नसते' म्हणून विषय मिटवता येत नाही.

आधी घडतं काय ते पाहू. गर्भपिशवीचं तोंड योनीत उघडतं. तिथे दोन प्रकारच्या पेशींची हद्द असते आणि ती वयाप्रमाणे सरकत राहते. एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या जातीच्या घेत असतात. एचपीव्ही या विषाणूच्या पथ्यावर पडते ती हीच धांदल. पेशीला बेफाम वाढू न देणारे दोन पहारेकरी असतात, पी५३ आणि आरबी. विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिनं नेमकी त्यांनाच निकामी करतात. हाराल्ड झुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या कॅन्सरच्या गाठीत या विषाणूचा एचपीव्ही १६ हा प्रकार शोधला, पाठोपाठ एचपीव्ही १८. जगातले सुमारे ७० टक्के रुग्ण या दोघांच्या खात्यावर जातात. झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि शरीरसंबंध आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतोच. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तरच धोका. म्हणून तपासणीत विषाणू सापडला याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. नवऱ्याने किंवा बायकोने बाहेर काही केलं असाही नाही, कारण लागण वीस वर्षांपूर्वीचीही असू शकते. ही गोष्ट रिपोर्ट हातात देण्याआधी सांगायला हवी. नंतर सांगितली तर तोवर घरात भांडण पेटलेलं असतं.

कॅन्सरच्या आधीच्या टप्प्यात दुखत नाही, रक्त जात नाही. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणं, अंगावरून घाण वासाचं जाणं, ही लक्षणं बहुधा कॅन्सर झाल्यानंतरची. ती दिसली की तपासणीच्या शिबिराची वाट न बघता थेट डॉक्टर गाठायचा. तपासणी आहे ती काहीच होत नसणाऱ्या बाईसाठी. पण 'मला काही होत नाही, मग मी का जाऊ' हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे.

जॉर्ज पापानिकोलाऊंच्या नावाची पॅप स्मिअर चाचणी श्रीमंत देशांत लाखोंना वाचवून गेली. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, तयार नजर लागते आणि त्याहून अवघड म्हणजे बाई परत यावी लागते. एक खेप नमुन्यासाठी, दुसरी रिपोर्टसाठी, तिसरी उपचारासाठी. जिचा रोज बुडतो, जिला सोबतीला कुणी नाही, ती दुसऱ्या खेपेलाच गळते.

मग व्हिनेगरचा मार्ग निघाला. ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा बोळा पिशवीच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात, ती गोठतात आणि तो भाग पांढरा दिसतो. निकाल जागेवर. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी थोड्या आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर हे काम केलं. सुमारे दीड लाख बायकांच्या या अभ्यासात, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण तिथे दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या होत्या.

एकाच तपासणीवर भागवायचं तर? त्याचं उत्तर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याने दिलं. १,३१,७४६ बायका, चार गट: विषाणूची चाचणी, पॅप, व्हिनेगर आणि नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांनी, विषाणूच्या चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत ठळक फरक पडला नाही. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगाचं धोरण विषाणूच्या चाचणीकडे वळलं. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, हा आक्षेपही पुढे घेतला गेला. तो झटकून टाकण्याजोगा नाही.

या चाचणीचा आणखी एक गुण मला सर्वांत मोठा वाटतो. नमुना बाई स्वतः घेऊ शकते. आडोशाला जायचं, मऊ ब्रश किंवा बोळा योनीत फिरवायचा, नळीत घालून परत द्यायचा. टेबलावर पाय फाकवून झोपणं नाही, परक्याची नजर नाही. पीसीआर पद्धतीने तपासला तर हा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तितकाच भरवशाचा ठरतो.

मुलींसाठी या विषाणूवरची लस आहेच. जागतिक आरोग्य संघटना आता ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल म्हणते. मात्र आधीच झालेली लागण लसीने जात नाही, म्हणून आईला तपासणीच हवी. संघटनेचं उद्दिष्ट आहे की ७० टक्के बायकांची भरवशाची चाचणी पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा व्हावी.

दोष सापडला आणि तो कॅन्सरच्या अलीकडचा, आटोपशीर असला, तर बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाचं तापलेलं टोक तिथे साधारण मिनिटभर टेकवतात. पोटात कळ येते, काही आठवडे अंगावरून पाणी जातं. बहुतेकींना भूल लागत नाही, पिशवी काढावी लागत नाही, आणि विषाणूचा रिपोर्ट त्याच दिवशी देणारं यंत्र जवळ असेल तर बाई सकाळी येऊन संध्याकाळी मोकळी होते. आता अडतं ते हे यंत्र कुठे ठेवलंय यावर: जिल्ह्याच्या रुग्णालयात, की ती चालत पोचेल अशा केंद्रात.