काकांचा पखवाज चकतीतून काढताना

मिरगाआधी माळा झाडताना काकूला पत्र्याचा एक डबा सापडला. आत अकरा चकत्या, काही व्हीसीडी, काही डीव्हीडी. काका दशावतारात पखवाज वाजवायचे. जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग करून कोणी ना कोणी सीडी आणून द्यायचं, त्या काकांनी जपून ठेवल्या होत्या. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. लावून पाहिल्या तर चित्र फुटत होतं, मध्येच थिजत होतं. काकूने एवढंच विचारलं, "आवाज तरी गावतलो मां?"

गावतो. पण घाई केली तर जे उरलंय तेही जातं, म्हणून आधी चकती समजून घ्यायला हवी.

दोन्ही चकत्या दिसायला सारख्या, 12 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 1.2 मिलिमीटर जाडीच्या. आत मात्र मोठा फरक आहे. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध सुरक्षित. व्हीसीडीत तोच थर अगदी वर, छापील बाजूच्या लाखेखाली असतो. म्हणून व्हीसीडीवर बॉलपेनने नाटकाचं नाव दाबून लिहिलं की खालची माहितीच खरवडली जाते. आपण सगळे चमकणारी बाजू जपतो आणि नाजूक बाजू निर्धास्तपणे टेबलावर घासतो. कोकणात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे बंद डब्यातही दमट हवा शिरते. बुरशी धरते, कडेने ओल आत जाते, चमकणारा धातूचा थर काळवंडतो.

माहितीची वाट गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल, आतून बाहेर जाणारी. नाटक अनेक चकत्यांवर असेल तर आडदशावतारातला, म्हणजे नाटकाआधीच्या पूर्वरंगातला, गणपती पहिल्या चकतीच्या मध्याजवळ आणि पहाटेचा दहीकाला शेवटच्या चकतीच्या कडेला. ओलीने आधी जातो तो बहुधा दहीकालाच.

पुसायची रीतही यावरूनच ठरते. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मध्यापासून कडेकडे सरळ ओढायचं, गोल फिरवायचं नाही. वाचताना चुका दुरुस्त करणारं गणित चकतीतच असतं. आडव्या ओरखड्याने वाटेतला जरासा तुकडा जातो, तो या गणिताने भरून निघतो. वाटेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र सलग इतकं काही नेतो की गणित हरतं. व्हीसीडीत तर जास्त वेळ मावावा म्हणून या दुरुस्तीतला एक भाग काढून टाकलेला असतो, म्हणून ती लवकर अडखळते.

आता आवाज. चकतीवर चित्र आणि आवाज छोट्या छोट्या पुड्यांत आळीपाळीने भरलेले असतात. डीव्हीडीत एकेक पुडी 2,048 बाइटची. पहिलं काम म्हणजे अख्ख्या चकतीची जशीच्या तशी प्रत संगणकावर घेणं. आजारी चकती एकदाच फिरवायची, पुढचं सगळं त्या प्रतीवर. मग एफएफएमपेगसारखं मोफत सॉफ्टवेअर पुड्यांमधून फक्त आवाजाच्या पुड्या वेचतं.

हा आवाज बहुतेक वेळा दाबून बसवलेला असतो. सीडीच्या दर्जाचा मोकळा आवाज सेकंदाला 1,411 किलोबिट जागा मागतो, व्हीसीडी त्याला 224 देते. म्हणजे सहावा हिस्सासुद्धा नाही. मग बाकीचं जातं कुठे? पखवाजावर जोराची थाप पडते त्या क्षणी तिच्या जवळचे हलके स्वर आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत. एमपी2 आणि डॉल्बी डिजिटल या आवाज दाबून बसवायच्या पद्धती कानाच्या या स्वभावाचा फायदा घेतात आणि ऐकू न येणारं टाकून देतात.

वेचलेला आवाज मी वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे न दाबता, साठवतो; तिच्यात असं काही टाकलं जात नाही. डीव्हीडीचा आवाज त्यात सेकंदाला 48,000 नमुन्यांनी मांडला जातो, प्रत्येक नमुना 16 बिटचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एक. डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचा एक तास साधारण 691 मेगाबाइट. पण गेलेलं परत येत नाही. सुकट पाण्यात भिजवली म्हणून तिची ताजी कोळंबी होत नाही. मग एवढी जागा का खर्चायची? कारण पुढे खरखर कमी करायची, तुकडे जोडायचे. दर खेपेला आवाज पुन्हा दाबून साठवला तर दर खेपेला थोडा आणखी झिजतो. वेव्ह ती झीज थांबवते, आणि मला तेवढं पुरेसं आहे. दाबलेला मूळ आवाजही सोबत ठेवावा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. डॉल्बी डिजिटलच्या आवाजात कधीकधी एक सूचना दडलेली असते: मोठा आवाज थोडा बसवा, बारीक थोडा उचला. रात्री हळू आवाजात टीव्ही बघणाऱ्यांसाठी ती सोय. एफएफएमपेग ही सूचना न विचारता पाळतं. पहिल्या वेळी काकांची थाप मला मऊ वाटली, ती यामुळेच. ती सोय शून्यावर आणून पुन्हा काढलं तेव्हा थाप छातीवर आदळली.

दुसरं म्हणजे 48,000 नमुन्यांचा आवाज सीडीच्या 44,100 वर आणण्याचा मोह टाळावा. गरज नसताना केलेलं प्रत्येक रूपांतर म्हणजे उगाच केलेली ढवळाढवळ. आणि हे सगळं घरच्या चित्रीकरणापुरतं. विकत घेतलेल्या सिनेमांच्या चकत्यांना बहुधा कुलूप असतं, ते तोडण्याबाबत कायदा वेगळा आहे.

शेवटच्या चकतीची कड गेलीच होती. वाचता न आलेल्या जागा सॉफ्टवेअर गाळून पुढचा आवाज मागच्याला चिकटवतं, आणि ठेका मधूनच उडी मारतो. पुड्यांवर वेळेचे शिक्के असतात, सेकंदाचे 90,000 भाग मोजणाऱ्या घड्याळाचे. त्यावरून किती गेलं ते कळतं. दहीकाल्यात अशा चार जागा निघाल्या. तिथे मी नेमकी तेवढीच शांतता भरली. काकू ऐकताना त्या जागी मांडीवर हाताने ठेका धरते, आणि पखवाज परत येतो तेव्हा दोघं समेवर असतात.