चीज टोस्ट कुरकुरीत राहायचा, तर पाण्यावर लक्ष हवं

एका माणसापुरता चीज टोस्ट करणं सोपं असतं. ब्रेड भाजला, चीज वितळलं की तो थेट तोंडात जातो; त्याला बिघडायला वेळच मिळत नाही. पार्टीसाठी वीस-पंचवीस तुकडे करायचे म्हटलं की गणित बदलतं. पहिला तुकडा तयार होतो तेव्हा शेवटचा अजून नुसता ब्रेडच असतो. पाहुणे गप्पांत रमलेले असतात, ट्रे फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि तोवर खालचा ब्रेड लिबलिबीत, वरचं चीज वातड झालेलं असतं. पाककृतींमध्ये साहित्य आणि क्रम दिलेला असतो, पण असं का होतं ते क्वचितच सांगितलेलं असतं. माझ्या मते यातल्या बहुतेक बिघाडांचं मूळ एकच आहे: पाणी. ब्रेडमध्ये पाणी आहे, चीजमध्ये आहे, वरच्या टोमॅटोत आणि फळांत तर भरपूर आहे. ते कुठून घालवायचं, कुठे अडवायचं आणि कुठे राहू द्यायचं, एवढं जमलं की गोड टोस्ट असो की तिखटमिठाचा, तो तासभर तरी आब राखून राहतो.

सुरुवात ब्रेडपासून करू. ब्रेडच्या वजनात साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असतं. पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसं वर जात नाही, कारण मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो सुकला की तापमान झपाट्याने चढतं, आणि १४० अंशांच्या आसपास अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातल्या अभिक्रियांना वेग येतो. हीच मेयार अभिक्रिया. लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, आणि अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या जॉन हॉज यांनी १९५३ साली तिचे टप्पे नीट मांडून दाखवले. भाजलेल्या ब्रेडचा खमंग वास, सोनेरी रंग आणि किंचित कडसर गोडी, हे सगळं तिचंच देणं. म्हणून टोस्ट करताना आधी ब्रेड सुकतो आणि मगच भाजला जातो. आच फार मोठी ठेवली तर बाहेरून रंग येतो, पण आतलं पाणी तसंच राहतं. थोड्या वेळाने ते बाहेरच्या थरात झिरपतं आणि कुरकुरीतपणा जातो. पार्टीच्या टोस्टसाठी मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंनी, सावकाश भाजणंच बरं.

रंग मात्र सोनेरी असेपर्यंतच थांबावं. पिष्टमय पदार्थ जास्त तापवले की त्यांत अॅक्रिलामाइड हे शरीराला अपायकारक ठरू शकणारं रसायन तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली जाहीर केलं. अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा यांच्यापासून, त्याच मेयार अभिक्रियेच्या वाटेने ते बनतं, आणि रंग जितका गडद तितकं त्याचं प्रमाण वाढत जातं. काळा पडलेला भाग खरवडून टाकण्यापेक्षा तो होऊच न देणं सोपं आहे.

कालचा ब्रेड चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. चालेल, किंबहुना तोच जास्त चांगला. ब्रेड शिळा होणं म्हणजे केवळ वाळणं नव्हे. जाँ-बाप्तिस्त बुसँगो यांनी १८५२ सालीच दाखवून दिलं होतं की पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतो, आणि पुन्हा गरम केला की मऊ पडतो. भाजताना फुगलेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा शिस्तीत एकमेकांना चिकटू लागतात, त्यामुळे ब्रेड घट्ट होतो. असा घट्ट ब्रेड पातळ आणि एकसारखा कापता येतो, त्याचे छोटे तुकडेही फाटत नाहीत. मात्र तो फ्रिजमध्ये ठेवू नये. तिथल्या तापमानाला स्टार्चची ही जुळणी सगळ्यात वेगाने होते.

आता चीज. चीज वितळणं हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण तिथे एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. चीज म्हणजे केसीन या प्रथिनाचं जाळं. त्यात स्निग्धांशाचे थेंब आणि पाणी अडकलेलं असतं, आणि जाळ्याचे धागे एकमेकांना बांधून ठेवायला कॅल्शियम मदत करतं. तापवायला लागलं की साधारण ३२ अंशांपासून स्निग्धांश पातळ व्हायला लागतो आणि ४० अंशांपर्यंत तो पूर्ण द्रव होतो. चीज तेव्हा नुसतं मऊ पडतं आणि त्याला घाम फुटतो. खरं वितळणं होतं ते जाळं सैल झाल्यावर. मऊ, ओलसर चीजमध्ये हे सुमारे ५५ अंशांना होतं, चेडरमध्ये ६५च्या आसपास आणि परमेजानसारख्या कोरड्या चीजमध्ये ८०च्या पुढे. पाणी जितकं कमी, तितकं जाळं सुटायला अवघड.

आणि काही चीज वितळतच नाहीत. आम्ल घालून, दूध तापवून फाडलेलं पनीर किंवा रिकोटा कितीही गरम केलं तरी ओघळत नाही. आम्लामुळे त्यातलं बरंचसं कॅल्शियम निघून गेलेलं असतं आणि प्रथिनं थेट एकमेकांना घट्ट धरून बसलेली असतात. उष्णता दिली की पाणी निघून जातं, पण पकड सुटत नाही. उलट रेनेटने (दूध गोठवणाऱ्या एन्झाइमने) विरजलेलं, साधारण ५.० ते ५.४ पीएच असलेलं, म्हणजे बेताचंच आंबट चीज छान वितळतं, त्याला तारही सुटते. चीज जुनं होत जातं तशी त्यातली एन्झाइम्स केसीनचे लांब धागे तोडत जातात. म्हणून ताज्या मोझरेलाला लांब तार येते, तर जुनं चेडर सहज पसरतं पण तार धरत नाही, आणि जरा जास्त तापलं की तेल सोडतं.

प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडली जातात, पण पार्टीच्या टोस्टसाठी मला ते फार कामाचं वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या थून गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ साली सोडियम सायट्रेट हा क्षार वापरून असं चीज बनवलं. सायट्रेट जाळ्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं, मग मोकळी झालेली प्रथिनं स्निग्धांश आणि पाणी दोघांनाही सांभाळून धरतात. त्यामुळे ते तेल न सोडता, गाठी न होता वितळतं. किसलेल्या चेडरमध्ये थोडं प्रोसेस्ड चीज मिसळलं तर हे क्षार सगळ्या मिश्रणाला उपयोगी पडतात: चव चेडरची, वागणूक प्रोसेस्डची.

वितळलेलं चीज आणखी तापवत राहिलं तर प्रथिनं परत आकसतात आणि स्वतःतलं पाणी व तेल पिळून बाहेर टाकतात. गार झाल्यावर जे वातड लागतं ते हेच पाणी गमावलेलं चीज. तेव्हा चीज वितळताक्षणी टोस्ट उतरवायला हवा. पण तव्यावर नेमकी इथेच अडचण होते. ब्रेडच्या छिद्रांत हवा असल्याने तो उष्णता वर पोचू देत नाही. वरचं चीज वितळेपर्यंत खालची बाजू करपते. यावर एक साधी युक्ती आहे. तवा मंद आचेवर ठेवावा, टोस्ट मध्यभागी ठेवावेत, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडावं आणि लगेच झाकण ठेवावं. त्या पाण्याची वाफ होते, गार चीजवर जाऊन परत पाणी होते आणि तसं होताना दर ग्रॅममागे सुमारे २.२६ किलोज्यूल उष्णता तिथे सोडते. झाकण काचेचं असेल तर पुढचं सगळं दिसतं: किसाच्या काड्यांचे कोपरे आधी गोल होतात, मग त्यांच्यावर चकाकी येते, मग शेजारच्या काड्या एकमेकींत मिसळतात आणि मधली ब्रेडची फट दिसेनाशी होते. त्या क्षणी झाकण काढायचं. अर्धा मिनिट उघडं ठेवलं की उरलेली वाफ निघून जाते. चीजवर तपकिरी ठिपके हवे असतील तर मात्र ओव्हनमधली वरून येणारी आचच लागते, कारण ओल्या वाफेत रंग येत नाही.

आता ट्रेमध्ये थांबण्याचा काळ. नीट भाजलेल्या टोस्टमधला स्टार्च आणि ग्लूटेन इतकं कोरडं असतं की ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ बनतं, म्हणून चावल्यावर आवाज येतो. त्यात थोडं जरी पाणी शिरलं तरी रेणूंना हलायला जागा मिळते आणि टोस्ट आधी चिवट, मग मऊ होतो. आणि पाणी शिरणारच, कारण ते नेहमी ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे सरकतं. आपल्या हातात एवढंच आहे की त्याच्या वाटेत स्निग्ध पदार्थाची भिंत घालायची. लोण्याचा पातळ थर त्यासाठी उत्तम, पण लोण्यातही १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणून ते भाजण्याआधी लावावं; पाणी उडून जातं आणि स्निग्धांश छिद्रांत बसतो. चीज हीसुद्धा एक भिंतच आहे. टोमॅटो चीजच्या खाली न घालता वितळलेल्या चीजच्या वर ठेवला तर ब्रेड बराच वेळ वाचतो. टोमॅटोचा बियांचा गर काढून, फोडींना मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं चाळणीत ठेवावं. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, ते टोस्टवर निघण्याऐवजी चाळणीखाली निघालेलं बरं. स्ट्रॉबेरीवर साखर घातली की हेच होतं, म्हणून फळांवर साखर आधी घालू नये. आणि भाजलेले टोस्ट गरम असताना सपाट ताटात ठेवू नयेत. खालून निघणारी वाफ तिथेच अडकते. जाळीवर ठेवून पूर्ण गार करावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. हे काम सकाळीच उरकता येतं. संध्याकाळी फक्त वरचं सजवायचं राहतं.

गोड टोस्टमध्ये मध वापरणार असाल तर तो भाजून झाल्यावरच घालावा. मधात फ्रुक्टोज भरपूर असतं, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, ११० अंशांच्या आसपासच, कॅरमल होऊ लागतं. चीजला रंग येईपर्यंत मध करपलेला असतो.

खारट चीजवर मध किंवा अंजिराचा जॅम इतका चांगला का लागतो? याचं एक उत्तर १९९७ साली पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी 'नेचर'मध्ये मांडलं. सोडियम कडू चव दाबतं, आणि कडूपणा मागे हटला की त्याच्याखाली झाकलेली गोडी वर येते. जुन्या चीजमध्ये आणि भाजलेल्या ब्रेडमध्ये थोडा कडसरपणा असतोच. मीठ तो आवरतं आणि मध आहे त्याहून गोड वाटतो. तापमानाचाही यात हात आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं की जिभेच्या पेशींमधली टीआरपीएम५ नावाची वाहिनी १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान उष्णतेबरोबर जास्त सक्रिय होते, त्यामुळे कोमट पदार्थ गारपेक्षा गोड लागतो. फ्रिजमधून काढलेल्या क्रीम चीजच्या टोस्टला म्हणूनच मध जरा सढळ हाताने लागतो.

मधात मिरचीचे तुकडे घातले तर आणखी मजा येते. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, जिभेच्या मज्जातंतूंतल्या ज्या ग्राहीवर (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर) काम करतं, त्या टीआरपीव्ही१चा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली लावला. २०२१चं नोबेल पारितोषिक त्यासाठी मिळालं. हाच ग्राही ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. म्हणून तोच टोस्ट गरमागरम खाल्ला तर जास्त झणझणीत लागतो. चीजमधला स्निग्धांश आणि केसीन कॅप्सेसिनला जिभेवरून उचलून नेतात, त्यामुळे तिखट फार वेळ रेंगाळत नाही.

तिखटमिठाच्या टोस्टला खोली देते ती उमामी, म्हणजे रश्शासारखी भरीव, रुचकर चव. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं करून ती ओळखली. परमेजानमध्ये १०० ग्रॅममागे एक ग्रॅमहून जास्त मोकळं ग्लुटामेट असतं. त्याच्या जोडीला वाळवलेल्या शिटाके मशरूममधलं ग्वानिलेट हे उमामी वाढवणारं दुसरं द्रव्य आलं की दोन्ही चवींची नुसती बेरीज होत नाही, त्या एकमेकींना कितीतरी पटींनी वाढवतात. भिजवून परतलेले मशरूम आणि वर चिमूटभर परमेजान, यापुढे मला फार काही लागत नाही.

गोड आणि तिखट दोन्ही ट्रे एकाच वेळी बाहेर आणले तर लोक जास्त खातात. एकच चव खात राहिलं की तिची गोडी कमी होत जाते, पण दुसऱ्या चवीची तशीच राहते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली हे प्रयोगांतून दाखवलं. पदार्थ मोजका असेल तर आधी एक ट्रे फिरवावा, दुसरा मागून आणावा.

फळं निवडताना एक खबरदारी घ्यायलाच हवी. ताजं अननस, किवी, पपई आणि ताजं अंजीर यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. क्रीम चीजवर अननसाची ताजी फोड ठेवून तो टोस्ट तासभर पडू दिला तर फोडीखालचं चीज पातळ होतं आणि कडवट लागायला लागतं, कारण तुटलेल्या प्रथिनांचे काही तुकडे चवीला कडू असतात. डब्यातल्या अननसाने असं होत नाही. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने एन्झाइम निकामी झालेलं असतं. ताजंच वापरायचं असेल तर फोडी तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट परताव्यात. त्याने काम भागतं, फोडींतलं पाणी कमी होतं आणि कडांना रंगही येतो. क्रीम चीज घातलेले टोस्ट मात्र खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत, म्हणून ते एकदम सगळे न सजवता पाच-सहाच्या घाण्यांनी सजवावेत आणि उरलेलं चीज तोवर फ्रिजमध्येच राहू द्यावं.