पी. आर. चं वर्ष नेमकं कुठून मोजायचं?
(कागदपत्रांच्या कामासाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी)

"लेकराला कॅनडात जाऊन तीन वर्षं झाली, आता पी. आर. चे कागद करून टाका." आमच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. पी. आर. म्हणजे तिकडे कायमचं राहायचा परवाना. तीन वर्षं झाली हे खरंच असतं. त्यातले कामाचे महिने किती, असं विचारलं की मात्र घरच्यांना वाटतं, हे काम टाळतायत. म्हणून हे पत्रक. बीड-परभणीहून एस. टी. ने येणाऱ्यांनी निघायच्या आधी वाचलं, तर एक फेरी वाचेल.

कॅनडा पी. आर. साठी गुणांवर माणसं निवडतं, त्या पद्धतीला एक्स्प्रेस एंट्री म्हणतात. तिच्यातल्या 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास' या वर्गासाठी तिथला एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, तोही मागच्या तीन वर्षांतला. हे वर्ष विमानातून उतरल्या दिवशी सुरू होत नाही. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम त्यात धरतच नाहीत, सुट्टीत दिवसभर राबलं असलं तरी. कॉलेज संपल्यावरचंही सगळं काम चालत नाही. कॅनडानं कामांच्या 0 ते 5 अशा पायऱ्या केल्या आहेत, त्यांना टीअर म्हणतात. 0 ते 3 चालतात, 4 आणि 5 नाही. हॉटेलातला स्वयंपाकी 3 मध्ये बसतो, त्याच हॉटेलात काउंटरवर ऑर्डर घेणारा 5 मध्ये. सिक्युरिटी गार्ड 4, गोदामात माल हलवणारा 5. स्वतःचा धंदा म्हणून बिल लावून केलेलं कामही या वर्गात मोजत नाहीत.

समजा, मुलगा सप्टेंबर 2022 मध्ये गेला. 2024 च्या उन्हाळ्यात कोर्स संपला, मग सहा महिने गोदामात काम केलं आणि जानेवारी 2025 पासून एका ऑफिसात पगारपत्रकं करायला लागला. सप्टेंबर 2025 मध्ये आईवडिलांच्या हिशेबानं तीन वर्षं भरली. नियमाच्या हिशेबानं भरले आठ महिने.

तासांचंही तसंच. वर्षाला 1560 तास, म्हणजे आठवड्याला 30. आठवड्याला 50 तास काम केलं म्हणून वर्ष लवकर भरत नाही, 30 च्या वरचे तास सोडून देतात. साधी रजा चालते, पण बहिणीच्या लग्नाला येऊन दोन-अडीच महिने राहिलात तर तेवढी मोजणी पुढे ढकलून ठेवा.

"टाकून तर बघू" म्हणणारे इथेच फसतात. मराठवाड्यात पहिल्या सरीवर पेरून दुबार पेरणीची पाळी आलेली माणसं घरोघरी आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. वर्ष भरायच्या आत अर्ज टाकला तर तो नामंजूर होतो, पी. आर. च्या अर्जासाठी कॅनडाकडून आलेलं निमंत्रण वाया जातं आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. शिक्षणानंतरचं वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतं आणि ते तिकडे संपत असतं. काम फुगवून दाखवलं आणि पकडलं गेलं, तर पाच वर्षं बंदी. तेव्हा फुगवलेलं अनुभवाचं पत्र आमच्याकडे टाईप करायला आणू नका, एकदा नाही म्हटलं की नाही.

वर्ष भरलं म्हणजे पी. आर. मिळाला असंही नाही. पात्र झाल्यावर गुणांची स्पर्धा असते. वयाचे गुण 29 पर्यंत पूर्ण मिळतात, तिशी लागली की दरवर्षी उतरतात. आपल्याकडे पत्रिका काढून वाढदिवस बघतात, तसा इथेही बघावा.

जर्मनीची मोजणी निराळी, पण चूक तीच. तिथे कुशल कामगाराचा परवाना हातात आल्यापासून तीन वर्षं आणि पेन्शनचे 36 महिन्यांचे हप्ते बघतात. तिथल्याच विद्यापीठाची पदवी असेल तर दोन वर्षं, ब्लू कार्ड (चांगल्या पगाराच्या पदवीधरांचा परवाना) असेल तर 27 महिने, आणि त्यात जर्मन भाषा बी 1 या मधल्या पातळीपर्यंत येत असेल तर 21. नोकरी शोधण्यात गेलेले महिने यात येत नाहीत.

आता आमच्या हद्दीतलं. कॅनडाचं निमंत्रण आलं की अर्जाला 60 दिवस मिळतात. त्यातले 45 गेल्यावर लोक येतात आणि आम्हाला घाई करायला लावतात. आमचा हात भरभर चालतो, पण विद्यापीठाची खिडकी आमच्या हातात नाही. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाचा उतारा, आधीच काढा. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि जन्मदाखल्यावर नुसतं 'बाळ', असं असेल तर आजच दुरुस्तीला लागा. भाषांतर घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, इंग्रजीचा मास्तर असला तरी. आणि जाताना काढलेली पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नसल्याचा दाखला) फाईलमध्ये जपून ठेवलेली असते, तिचा उपयोग होत नाही. भारत सोडल्यानंतरच्या तारखेची हवी. मुलगा तिकडेच असेल, तर ती तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत निघते, आईवडिलांच्या सहीनं नाही.

कामाचं पत्र नोकरी सोडतानाच घ्यावं. त्यात पद, रोजची कामं, आठवड्याचे तास आणि पगार हवाच. नंतर मॅनेजर बदलतो आणि कुणी फोन उचलत नाही.

आम्ही अर्ज भरून देत नाही, म्हणून काही जण नाराज होतात. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला द्यायचा तर तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागारच लागतो. आम्ही ते नाही, म्हणून त्याचे पैसेही घेत नाही. दाखले, ट्रान्सक्रिप्ट, भाषांतर, प्रतिज्ञापत्र एवढंच आमचं काम, आणि त्याचा दर काउंटरवर लावलेला आहे. तारखा मांडून दाखवण्याचं मात्र काही लागत नाही. येताना पासपोर्ट, परमिटची झेरॉक्स आणि प्रत्येक नोकरीची सुरू-बंद तारीख एका कागदावर लिहून आणा. तोंडी सांगू नका, कारण आई एक महिना सांगते आणि मुलगा फोनवर दुसराच.